एक स्टार दिलात, मान्य. पण लयीचं तेवढं ऐकून घ्या सर

नमस्कार सर,

तुमच्या फिल्मला आम्ही केलेल्या संगीताबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री पोरानं वाचून दाखवला. स्पर्धेत चारचौघांसमोर तुमची पंचाईत झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काम दोन दिवस उशिरा दिलं हेही खरं. लाईटनं त्या आठवड्यात खेळ मांडला होता आणि ऐन लग्नसराईत बासरीवाला हाती लागत नव्हता, पण ते आमचं आम्ही बघायला पाहिजे होतं.

तुम्ही लिहिलंत, ‘संगीत सुरुवातीला बरोबर आहे, पुढे पुढे मागे पडत जातं. शेवटी बाई घागर ठेवून मोकळी होते, तरी हलगीचा ठोका पडत नाही. अठरा हजार घेतात आणि लय कळत नाही. लातूरला हे काम होत नाही, पुण्याला जा.’ उशीर म्हणा, पैसे म्हणा, ऐकून घेतो. लयीचं मात्र लागलं. आमच्या वडिलांचा जन्म भजनी मंडळात पेटी वाजवण्यात गेला. घरात लय चुकली की जेवण मिळायचं नाही, असं ते गमतीनं म्हणायचे, पण गंमत नव्हती ती.

तुमची फिल्म पाणीरेल्वेवरची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा गंजगोलाईमागच्या गल्लीत टँकरची वाट बघत घागरी लावून बसलेल्यांत मीही होतो. म्हणूनच तुमचं काम अठरा हजारांत धरलं. त्यातून हलगी, संबळ, बासरी, तिघांचं मानधन गेलं.

आता तो शेवटचा सीन. बाई दाराबाहेर येते तिथून घागर जमिनीला टेकते तिथपर्यंत घड्याळानं १ मिनिट २२ सेकंद. तुम्ही म्हणालात, लय ९० ठेवा, म्हणजे मिनिटाला ९० मात्रा. ८२ सेकंदांत ९० च्या लयीनं १२३ मात्रा होतात. आठ मात्रांच्या ठेक्याची १५ आवर्तनं म्हणजे १२० मात्रा, त्या ८० सेकंदांतच संपतात. म्हणजे सम, आवर्तनाचा पहिला ठोका, घागरीच्या दोन सेकंद आधी. तीन मात्रा कापून कुठं टाकायच्या? मी लय ८७.८ केली, १५ आवर्तनं बरोबर ८२ सेकंदांत बसली आणि सम घागरीवर आली. दोन-सव्वादोननं लय उतरली तर कुणाला कळत नाही, पण समेची जागा चुकली की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं.

हलगीवाल्या मामांनी जन्मात कानात लय धरायची टिकटिक घातली नव्हती. ‘हे कानात किडा वळवळल्यागत होतंय’ म्हणत अकरा वेळा वाजवलं त्यांनी. बाराव्या वेळी ठोका घागरीवर पडला, तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि तुम्ही स्वतः मांडीवर थाप मारून ‘ओके, लॉक!’ म्हणालात. मग स्पर्धेत काय झालं?

रिव्ह्यू वाचून झोप आली नाही. तुम्हीच ग्रुपवर टाकलेल्या लिंकवरून अंतिम फाइल उतरवली आणि आमच्याकडच्या फाइलशेजारी लावली. दोन्हींत घागर टेकते तेव्हा टाइमकोड (तास:मिनिट:सेकंद:फ्रेम) एकच: ००:१३:२०:००. दोन्हींत तिथपर्यंत १९,२०० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं. तरी ठोका मागे! कारण आम्हाला दिलेली फाइल सेकंदाला २३.९७६ फ्रेमची होती आणि तुमच्या एडिटरनं अंतिम प्रोजेक्ट पूर्ण २४ वर केलं. टाइमकोड फ्रेम मोजतो सर, घड्याळातले सेकंद नाही. त्याच १९,२०० फ्रेम एकात ८००.८ सेकंद घेतात, दुसऱ्यात ८००. चित्र ०.८ सेकंद आधी पोचलं, संगीत जिथल्या तिथं होतं. ०.८ सेकंद म्हणजे १९ फ्रेम. इथं दोन-तीन फ्रेम हलल्या तरी मामांचा हात चुकल्यासारखा वाटतो. सुरुवात बरोबर आणि पुढे पुढे मागे, हे तुमच्याच शब्दांत आहे. लय चुकली असती तर पहिल्याच आवर्तनात कळली असती.

(अमेरिकेत १९५३ साली रंगीत टीव्हीसाठी ३० फ्रेमचे २९.९७ केले, तिथून हे लफडं सुरू झालं. २४ चं २३.९७६ त्याच हिशेबातलं. आपल्याकडचा टीव्ही २५ वर सुखात चालायचा.)

पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, ‘सर, फ्रेम किती?’ तुम्ही चहा फुंकत म्हणालात, ‘चोवीस, चोवीस.’ कॅमेऱ्याच्या मेनूत २४ लिहिलेलं असतं आणि आत २३.९७६ निघतं, हे मला माहीत आहे. मी फाइल उघडून बघितली नाही. आणखी एक कबूल करतो. संगीताच्या सुरुवातीला, पहिल्या फ्रेमच्या दोन सेकंद आधी, जुळवायला बीप लावतात तो आम्ही लावला, शेवटचा लावला नाही. तो असता तर एडिटरला बसल्या जागी कळलं असतं की शेवट सरकलाय. ही चूक माझी. पण ‘लय कळत नाही’ ही नाही. मामांना तुमचं वाक्य मी वाचून दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही.

इथून पुढं दोन्ही टोकांना बीप लावू, फ्रेमचा आकडा कागदावर लिहून सही घेऊ, बाकीही सुधारणा करायलोत.

तुमची अंतिम फाइल पेनड्राइव्हवर आणा. संगीत हजारात एक भाग जलद केलं की बसतं. सुरात दोन सेंटचाही (सेंट म्हणजे शेजारच्या दोन सुरांतल्या अंतराचा शंभरावा भाग) फरक पडणार नाही, बासरीवाल्यालासुद्धा ओळखू येणार नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, पैसे घेणार नाही. तुमच्याकडचे तीन हजार अजून यायचेत, त्याबद्दल मी इथं काही लिहीत नाही.

संगीत बसल्यावर घागरीचा सीन पुन्हा एकदा बघा आणि मग स्टारचं काय करायचं ते ठरवा. आमच्याकडं येणारी निम्मी गिऱ्हाइकं आधी हेच पान बघतात, सर. सकाळी ११ ते रात्री ९ उघडं असतं, मंगळवारी बंद. जिना चढताना तिसरी पायरी तुटलेली आहे, जपून या.