वीजबिलाचं पण बघा जरा
अमेरिकेत व्हर्जिनिया आणि न्यू जर्सीच्या गव्हर्नरच्या निवडणुका नोव्हेंबर २०२५ मध्ये डेमोक्रॅट्सनी जिंकल्या, ते निकाल म्हणजे २०२६ च्या मिडटर्मची (अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणारी संसदेची निवडणूक) नांदीच असं लेखात लिहिलंय, मला नाही पटत एवढं. व्हर्जिनियात १९७७ पासून व्हाइट हाउसमध्ये जो पक्ष असतो तो गव्हर्नरची निवडणूक हरतोच, अपवाद फक्त २०१३ चा, ओबामांच्याच पक्षाचा मॅकऑलिफ, त्यात तिथे गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभंच राहता येत नाही म्हणजे दरवेळी पाटी कोरी. २०२१ ला तिथे रिपब्लिकन यंगकिन आला तेव्हा पण सगळे लाट लाट करत होते, मग २०२२ ला काय झालं? रिपब्लिकनांना हाउस (संसदेचं खालचं सभागृह) जेमतेम मिळालं आणि सिनेटमधली (वरचं सभागृह) एक सीट उलट हातची गेली. २००९ ला व्हर्जिनिया रिपब्लिकनांनी जिंकल्यावर मात्र २०१० ला त्यांनी हाउसमध्ये ६३ जागा खेचल्या, तेही खरं, म्हणजे कधी लागतं कधी नाही.

आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये (हो, इथेच राहतो) ट्रम्पपेक्षा जास्त बोलणं वीजबिलावर चालायचं, शेजारचे काका तर बिल फ्रिजवर चिकटवून आल्यागेल्याला दाखवायचे. न्यू जर्सीच्या डेमोक्रॅट उमेदवार शेरिलबाईंनी नेमकं तेच धरलं आणि दहा टक्क्यांहून जास्त फरकाने आल्या. आता बिल खाली नाही आलं तर हेच काका पुढच्या वेळी कुठे जातील सांगा!