ठाणं सोडतेय, पण निरोपाची यादी करणार नाही

ठाणं सोडून जाणार असं कुणाला सांगितलं की ते आधी "अरेरे" म्हणतात आणि लगेच यादी हातात देतात. मामलेदारची मिसळ खाऊन घे. कुंजविहारचा वडापाव राहू देऊ नकोस. गडकरीला एखादं नाटक बघ. तलावपाळीवर एक संध्याकाळ नुसती बस. पाडव्याच्या शोभायात्रेला तरी थांबणार ना? सगळे मायेनं सांगतात, म्हणून मी मान डोलावते. पण यातलं मी काहीही मुद्दाम करणार नाहीये. आणि माझं तर मत आहे की शहर सोडणाऱ्या कुणीच या फंदात पडू नये.

मुलीची दहावीची परीक्षा संपली की आम्ही हैदराबादला चाललोय. नवरा आधीच तिकडे जाऊन पीजीत राहतोय आणि रोज रात्री फोनवर पप्पूचारूबद्दल, म्हणजे तिथल्या चिंचेच्या आंबट वरणाबद्दल, तक्रार करतोय. एवढंच. यात छाती पिटण्यासारखं काही नाही, लोक याहून कितीतरी लांब जातात. पण त्याच्या आधी, फेब्रुवारीत, मी लोणावळ्याला ५० किलोमीटरची अल्ट्रा धावणार आहे. हे काही ठरवून जुळवलेलं नाही. शर्यतीचे पैसे आधी भरले आणि बदलीची बातमी नंतर आली. "आता घर आवरायचं सोडून धावत काय सुटतेस?" हे सासूबाईंपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांनी आपापल्या शब्दांत विचारून झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, त्याहून लांब ते सगळं अल्ट्रा. नाव ऐकून लोकांना वाटतं काहीतरी पराक्रम असणार. सरावात पराक्रम औषधालाही नसतो. असतो तो निव्वळ कंटाळा. शनिवारी तीन-चार तास धावायचं, रविवारी त्याच दुखऱ्या पायांनी परत दोन-अडीच तास धावायचं, कारण शर्यतीच्या उत्तरार्धात पाय तसेच असणार आहेत आणि ते शरीराला आधीच कळलेलं बरं. चढ आला की चालायचं, त्यात लाज नाही, उलट तेच शहाणपण. भूक लागायच्या आधी खायचं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस बरळायला लागतो, म्हणून मीठ हवं. आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये महागडी एनर्जी जेल खाणारे आहेत, पण मी उकडलेल्या बटाट्याची माणूस आहे. मीठ-मिरपूड लावलेले छोटे बटाटे, खजूर आणि राजगिऱ्याची चिक्की. बगलेत आणि मांड्यांना खोबरेल तेल. हा झाला अल्ट्राचा सगळा ग्लॅमर.

माझा मुद्दा या कंटाळ्याचाच आहे.

लांब पल्ल्याच्या सरावाला शहर बघायला वेळ नसतो, शहर वापरावं लागतं. पहाटे साडेचारला मी गोखले रोडवरून जाते तेव्हा तिथे पेपरवाल्यांचं काम ऐन भरात असतं. फुटपाथवर गठ्ठे सोडलेले, मुलं मांडी घालून पुरवण्या भरतायत. एकाच्या अंगठ्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला, त्यानं तो मुख्य अंक फट्‌कन उघडतो आणि दुसऱ्या हातानं पुरवणी आत सरकवतो, नजर तिसरीकडेच. मी तिथे थांबून त्याचा फोटो काढला असता तर मी पाहुणी झाले असते. मी थांबत नाही. तो म्हणतो, "मॅडम, आज लेट," आणि मी म्हणते, "तुझा पेपर पण लेटच येतो." आमची ओळख इतकीच आहे आणि ती उत्तम आहे.

आता बायकांच्या लक्षात येईल आणि पुरुषांच्या कदाचित येणार नाही अशी एक गोष्ट. माझ्या डोक्यातला ठाण्याचा नकाशा तलावांचा नाहीये, पेट्रोल पंपांचा आहे. चार तास धावणाऱ्या बाईला वाटेत जावं लागतं. महापालिकेची स्वच्छतागृहं त्या वेळी बहुतेक कुलपात. म्हणून रात्रभर चालू असणारे पंप कुठे, कुठल्या पंपावर दाराला आतून कडी लागते, कुठला पोऱ्या विचारताच किल्ली देतो आणि कुठला आधी "स्टाफसाठी आहे" म्हणतो, हे मला पाठ आहे. (पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि चाकात हवा ग्राहकाला फुकट मिळायला हवी, तो उपकार नाही. हे एकदा ठणकावून सांगितलं की किल्ली सापडते.) तलावांचं शहर म्हणून आपण मिरवतो, सुशोभीकरणावर सुशोभीकरण करतो, रंगीत दिवे लावतो. पहाटे पाचला उघडं असलेलं एक बायकांचं संडास मात्र शोधून दाखवा. मला जायचंय म्हणून याचा राग कमी झालेला नाही. आणि मला वाटतं, ज्या दिवशी हा राग येणं थांबेल त्याच दिवशी मी ठाणं सोडलेलं असेल, ट्रक मागाहून येवो.

यादी नेमकं हेच करते. ती तुम्हाला तुमच्याच गावात पाहुणा करते. पाहुण्याला राग येत नाही, पाहुण्याला सगळं छान वाटतं. मिसळ खाताना आपण मिसळ खात नसतो, "शेवटची मिसळ" खात असतो, आणि तिची चव अर्थातच नेहमीसारखी लागत नाही. मग लोक म्हणतात, पूर्वीसारखी राहिली नाही हो.

येऊरबद्दल मात्र मी थोडी हळवी आहे, तेवढं चालवून घ्या. उपवनपासून वर जो रस्ता चढतो तो अल्ट्रावाल्यांची शाळा आहे. पण अंधारात तिथे जायचं नाही, वनखात्याच्या फाटकापाशी उजाडेपर्यंत थांबायचं. संजय गांधी उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, तिन्ही बाजूंनी शहरानं आवळलेलं, त्यात बिबटे राहतात आणि येऊर हे त्यांचं मागचं अंगण आहे. आपण नऊ वाजता घरी जाऊन पोहे खाणार, त्यांना तिथेच राहायचंय. तेवढा मान ठेवायला हवा. शनिवारी रात्री बंगले भाड्यानं घेऊन डीजे लावणाऱ्यांना हे कोण सांगणार? सकाळी वळणावळणावर त्यांच्या बाटल्यांच्या काचा चुकवत आम्ही चढतो.

चढताना दम लागतो आणि सगळ्यांना वाटतं चढच अवघड. खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, त्यात त्याचे बारीक तंतू तुटतात, आणि दोन दिवसांनी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पण तोच उतार पुन्हा पुन्हा केला की स्नायू शिकतो, पुढच्या वेळी दुखणं कमी होतं. लोणावळ्याला चढउतारच आहेत, त्यामुळे पाटोणापाड्यापर्यंत वर आणि परत खाली, परत वर, असं चालू असतं. पाड्यावरच्या बायका टोपल्या घेऊन भाजी विकायला खाली निघालेल्या असतात. डोक्यावर ओझं, पायात साध्या चपला, आणि उतरण्याची चाल अशी की आमच्या कोचनं व्हिडिओ काढून दाखवावा. छोटी पावलं, गुडघे किंचित वाकलेले, वरचं अंग अजिबात हलत नाही. एकदा त्यांतल्या एका मावशींनी मला दुसऱ्यांदा वर जाताना बघून विचारलं, "काय हरवलं काय गं वर?" यावर आजतागायत मला उत्तर सुचलेलं नाही.

याच्या उलट घोडबंदर रोड. तिकडे कुणी हौसेनं धावत नाही. मेट्रोचे खांब, धूळ, रात्रभर गुजरातकडे जाणारे कंटेनर, फुटपाथ मध्येच संपून गटारात उतरलेला. मी तिथे जाते कारण शर्यतीत कधीतरी सपाट, रटाळ, न संपणारा तुकडा येतोच आणि मनाला त्याचीही सवय लागते. मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली करत गायमुखपर्यंत, खाडीचं तोंड बघायचं आणि मागे फिरायचं. अशा फेऱ्या जोडून एका शनिवारी ३४ किलोमीटर झाले. १८५३ साली पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली तेही अंतर ३४च. ती माझ्या खूप आधी पोचली असणार, पण तिला वाटेत कुत्र्यांनी अडवलं नसणार.

ग्रुपमधले एक काका दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स धावून आलेत. १९२१ पासूनची शर्यत, नव्वदच्या आसपास किलोमीटर, बारा तासांत संपवली नाही तर तुमच्या नाकासमोर वेळ संपते आणि मग पदक नाही. डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्ग या दोन गावांमधला तोच रस्ता, पण दिशा साधारण आलटून पालटून. एका वर्षी वर चढत जायचं, पुढच्या वर्षी खाली उतरत. काका सांगतात, तिथले लोक या दोन वेगळ्या शर्यती मानतात, दोन्ही केल्याशिवाय धावलो म्हणत नाहीत. मला हे एकदम पटलं. रस्ता एकदा बघून होत नसतो. मग शेवटच्या पंधरवड्यात तलावपाळीला एक चक्कर मारून तलावपाळी "करून" कशी होईल?

आईला माझं हे म्हणणं मुळीच मान्य नाही. ती नौपाड्यातली, लग्न होऊन आली तेव्हापासून. तिचं म्हणणं, "तुला परत येता येईल म्हणून तू हे बोलतेस. ज्याला माहितीये आपण आता येणार नाही, त्यानं डोळे भरून बघून घेतलं तर तुझं काय जातं?" यावर माझ्याकडे बोलायला काही नाही. म्हातारपणी मुलाकडे अमेरिकेला जाणारी माणसं मी पाहिलीयेत, त्यांनी यादी केली तर मी हसणार नाही. पण आमच्याच बिल्डिंगमधले एक आजोबा असेच गेले, कायमचे. मराठी ग्रंथसंग्रहालयाचे जुने सभासद. हो, १८९३ सालचं ते, आपल्या ठाण्याचंच. जायच्या आठवड्यातही ते पुस्तक बदलून आले. आजी चिडल्या, आता कशाला नवीन आणलंत म्हणून. ते म्हणाले, जुनं वाचून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मधूनच ते परत करून आले, संपलेलं नसताना. मला त्यांचं वागणं कुठल्याही निरोप समारंभापेक्षा जास्त कळतं.

घरात सध्या अवस्था अशी आहे की दिवाण विकायला काढलाय. परवा एक जोडपं बघायला आलं तेव्हा मी नुकतीच येऊरहून आले होते आणि बर्फाच्या पाण्याच्या बादलीत दोन्ही पाय घालून हॉलमध्ये बसले होते. बाई दिवाणाचं लाकूड ठोकून बघतायत, नवरा माझ्या पायांकडे. शेवटी त्याला राहवेना. "काही झालंय का तुम्हाला?" मुलीनं आतून ओरडून सांगितलं, "नाही, ती स्वतःच करून घेते." त्यांनी हजार रुपये कमी करायला लावले. पाय बादलीत असताना माणसाला घासाघीस जमत नाही.

तर आता शर्यतीला थोडेच दिवस उरलेत, सरावाचं अंतर कमी करत आणायचं आहे. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत कितीही धावलं तरी नवीन ताकद येत नाही, फक्त थकवा उरतो, त्यामुळे कमी करणं हाच सराव. हातात अचानक मोकळा वेळ आलाय, आणि नेमका याच वेळी यादीवाल्यांचा जोर वाढलाय. हैदराबादला केबीआर पार्क आहे, तिकडे धावणारे खूप आहेत, तुला काही कमी पडणार नाही, असंही सांगून झालं. पडणार नाही, मान्य. तिकडेही मला पंप शोधावे लागतील, कुत्री ओळखीची करावी लागतील, कुठल्या चौकात पेपर उतरतात ते बघावं लागेल. त्याला एक-दोन वर्षं जातील. "धावायला काय, रस्ता सगळीकडे असतो," हे मात्र मला ऐकवू नका. किलोमीटर सगळे सारखे असते तर येऊरचा एक आणि कोलशेतचा एक धावून घड्याळात बघा.

ग्रुपमध्ये माझ्यासाठी केक आणि शाल असं काहीतरी शिजतंय, मला कळलंय. कृपा करून नको. रविवारी नेहमीच्या वेळी, पाच वाजता, उपवनच्या कोपऱ्यावर या. हळू बारा किलोमीटर आहेत, नवीन लोकांनाही झेपतील. फक्त बटाटे कुणीतरी उकडून आणा, माझा कुकर दिवाणाबरोबर गेला.