सहा सिलिंडरचे विद्वान कसे व्हावे

सहा सिलिंडरच्या इंजिनावर अधिकारवाणीने बोलायचं असेल, तर पहिली अट अशी की तसली गाडी स्वतःच्या दारात असता कामा नये. गाडी असली की सर्व्हिसचं बिल येतं, पेट्रोल पंपावरचा आकडा दिसतो आणि मतं मवाळ पडतात. तुम्ही आपली तीन सिलिंडरची हॅचबॅक घ्या, तिचे हप्ते भरा, आणि रविवारी सकाळी ताम्हिणीच्या वाटेवर मिसळ पुढ्यात आली की शांतपणे म्हणा, "चार सिलिंडर म्हणजे शेवटी शिवणयंत्रच रे." कोणी विरोध करणार नाही. सगळे तुमच्यासारखेच आलेले असतात.

मग पंथ निवडा. सरळ सहा (सहाही सिलिंडर एका रांगेत), व्ही सिक्स (तीन-तीनच्या दोन रांगा, इंग्रजी व्हीच्या आकारात) की बॉक्सर (दोन रांगा समोरासमोर आडव्या)? नवख्याने सरळ सहाच धरावी, कारण तिच्या बाजूने भौतिकशास्त्र उभं आहे. 'प्रायमरी आणि सेकंडरी बॅलन्स' एवढे शब्द पाठ करा आणि म्हणताना डोळे किंचित मिटा. एखादा इंजिनीअर निघालाच आणि म्हणाला "म्हणजे नक्की काय?", तर सांगता आलं पाहिजे. पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड फिरताना तिरका होतो, म्हणून पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात खालच्यापेक्षा जोरात पळतो. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात, मुख्य (प्रायमरी) धक्के एकमेकांना खाऊन टाकतात, पण या वेगातल्या फरकाचा (सेकंडरी) हिशोब बाकी राहतो आणि इंजिन दर फेरीला दोनदा हादरतं. सहामध्ये पिस्टनच्या तीन जोड्या १२० अंशांच्या फरकाने फिरतात, तिथे तोही हिशोब शून्यावर येतो. हे सगळं खरं आहे. अडचण तीच आहे. खोटं असतं तर वाद एव्हाना मिटला असता.

एक गोष्ट मात्र चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. सरळ सहा म्हणजे तीन सिलिंडरची दोन इंजिनं, आरशात बघावीत तशी पाठीला पाठ लावलेली. एकट्या तीन सिलिंडरला जी डुलण्याची खोड असते, ती दुसऱ्या तीनच्या उलट डुलण्याने मारली जाते. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन आठवा. तसली दोन इंजिनं एका क्रँकशाफ्टवर आरशासारखी जुळवली, तर समतोलाच्या गणितात म्युनिकच्या बीएमडब्ल्यूला बोट ठेवायला जागा नाही. बीएमडब्ल्यूने तर हे लपवलेलंही नाही: मिनीमधलं दीड लिटरचं तीन सिलिंडर आणि एम३४०आयमधलं तीन लिटरचं सहा सिलिंडर एकाच कुटुंबातलं, दर सिलिंडरला साधारण अर्धा लिटर, हवे तेवढे जोडायचे. पण मिसळीच्या टेबलावर "थ्री सिलिंडर? रिक्षा आहे का?" असं विचारण्यात जी मजा आहे, ती या माहितीने पार जाते.

व्ही सिक्सला 'अकाउंटंटचं इंजिन' म्हणायचं. तेवढं पुरतं. बोनेटखाली आडवं बसवायला आखूड हवं, धडक झाली तर पुढे चुरगळायला जागा हवी, म्हणून ते आलं, वगैरे कारणं ऐकायला कोणाला वेळ आहे? पुरावा म्हणून अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या ब्यूकची कथा ठेवा. १९६२ मध्ये त्यांनी व्ही एटच्या यंत्रसामग्रीवरच ९० अंशांचं व्ही सिक्स काढलं. ते ठोके चुकवत धडधडायचं. १९६७ मध्ये जनरल मोटर्सने ते जीपवाल्या कैसरला विकून टाकलं, आणि तेलसंकटानंतर १९७४ मध्ये तेच परत विकत आणलं. भंगारात दिलेला पंखा उन्हाळ्यात परत मागायला जावं, तशी गत. फक्त गोष्ट इथेच थांबवा, कारण पुढे त्यांनी क्रँकपिन (क्रँकशाफ्टवरचा, कनेक्टिंग रॉड बसतो तो खुंटा) दुभागून ठोके सारखे केले आणि इंजिन चांगलं चाललं. आणि कोणी व्ही सिक्सवाल्या जुन्या इटालियन गाडीचं नाव काढून लॅन्शिया ऑरेलिया, १९५०, असं म्हणालंच, तर "इटालियनांचं वेगळं असतं" म्हणून चहा मागवा.

मर्सिडीजचा किस्सा पश्चात्तापाच्या सुरात सांगायचा. १९९७ मध्ये त्यांनी सरळ सहा सोडून व्ही सिक्स धरलं, आणि २०१७ च्या एस-क्लासमध्ये सरळ सहा परत आली. "बघा, आले की नाही वळणावर!" १९९७ चा निर्णय बराचसा व्ही एटच्याच उत्पादनसाखळीवर सहाही बनवता यावं म्हणून होता, हे सांगू नका. परत येताना ४८ व्होल्टच्या विजेवर एसीचा कॉम्प्रेसर आणि पाण्याचा पंप चालवून पुढचा पट्टाच काढून टाकला, त्यामुळे इंजिन आखूड झालं, हेही सांगू नका. एक्झॉस्ट एकाच बाजूला आल्याने धुराच्या नियमांना तोंड देणं सोपं गेलं, हे तर मुळीच नाही. कारखान्यातले हिशोब बदलले की इंजिनाचा आकार बदलतो, असं एकदा कबूल केलं की आपण दर रविवारी भांडायचं कशावर?

बॉक्सरवाल्यांशी वाद घालू नका. ते पोर्शेवाले. त्यांच्या लेखी १९९८ मध्ये ९११ चं हवेवर थंड होणारं इंजिन बंद झालं तेव्हाच जग संपलं. सांत्वन करा आणि पुढे चला.

आता सांकेतिक भाषा. गाड्यांची नावं बाळबोध लोक घेतात, तुम्ही इंजिनांचे संकेतांक घ्यायचे: 'टू-जेझेड' (जुन्या टोयोटा सुप्राचं), 'आरबी ट्वेंटीसिक्स', 'एस फिफ्टीफोर' म्हणायचं. टू-जेझेडचा ओतीव लोखंडी ब्लॉक किती हॉर्सपॉवर सोसतो यावर दर महिन्याला शंभराने बोली वाढवायची. २०१९ च्या नव्या टोयोटा सुप्राचा विषय निघाला तर जपून. तिच्यात बीएमडब्ल्यूचं इंजिन आहे आणि गाडी जुळवली गेली ऑस्ट्रियात, ग्राझला. यावरून मैत्र्या तुटलेल्या आहेत.

प्रात्यक्षिकही हवं. एखाद्याच्या एम३४०आयचं बोनेट उघडलं की चालू इंजिनावर पाच रुपयांचं नाणं काठावर उभं करा. उभं राहतं. सगळे मोबाइल काढतात. नाणं इंजिनावर नसून वरच्या प्लॅस्टिकच्या झाकणावर आहे, आणि झाकण रबरी बुचांवर बसलंय, हे मालकाच्याही लक्षात येत नाही. मग "आवाज ऐक" म्हणून सगळ्यांना आत बसवा. हल्ली अनेक गाड्यांत त्या आवाजाचा काही भाग स्पीकरमधून येतो. तेव्हा दाद इंजिनाला द्यायची की स्पीकरला, हे ज्याचं त्याने ठरवावं. पुढे एक्स्प्रेसवेवर ताशी १०० च्या मर्यादेत, कॅमेऱ्याच्या कमानीखालून, चार सिलिंडरवाल्यांच्या रांगेतच घरी या.

येताना कोथरूड लागलं तर कमिन्सच्या जुन्या कारखान्याकडे बघू नका. किर्लोस्कर कमिन्स १९६२ मध्ये सुरू झाली आणि पुण्याने सरळ सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं वर्षानुवर्षं बनवली. ती जनरेटरला जोडली गेली, वीज गेली की चालू झाली, आणि त्यांच्या समतोलावर कोणी चकार शब्द काढला नाही.

धाब्यावर ट्रकवाल्याच्या शेजारचं टेबलही टाळा. तो तुमचं बोलणं ऐकत असतो. भाकरी मोडता मोडता विचारतो, "साहेब, सहाची आहे का गाडी? आमचीपण सहाचीच. ॲव्हरेज काय देते तुमची?"