कोळी, सडका अंगठा आणि मिठाचा शेक

‘ब्राऊन रेक्लुज कोळी अंगावर धावून येतो, एका दंशात मांस सडतं, चावल्यावर लगेच गरम मिठाने शेका, हा कोळी आता भारतातही आलाय, सर्वांना पाठवा.’ सोबत काळ्या पडत गेलेल्या अंगठ्याचे फोटो. मावशीने हे आईला पाठवलं, आणि मी अमेरिकेत कॅन्ससला राहते म्हणून आई मला घर बदलायला सांगतेय!

धावून येतो म्हणे. अहो, तो उजेड दिसला की फटीत पळतो. दिवसभर पुठ्ठ्याची खोकी, कपाटामागची जागा. रात्री मेलेले किडेसुद्धा चालतात त्याला. चावतो तो चिरडला जाताना, म्हणजे बाहीत हात घातला किंवा झोपेत कूस बदलली की. २००१ साली इथल्याच एका घरात सहा महिन्यांत २,०५५ रेक्लुज गोळा केले होते. चौघांचं कुटुंब तिथे कित्येक वर्षं राहत होतं, आणि विषबाधा एकालाही नाही. रिक व्हेटर या कोळीतज्ज्ञाने सहलेखिकेसोबत २००२ मध्ये हे छापलंय.

मांस सडण्याचं म्हणाल तर, बरं, काही दंशांत कातडी मरते खरी. लहान मुलांत क्वचित रक्तपेशीही फुटतात. लघवी गडद झाली तर तडक हॉस्पिटल. पण बहुतेक दंश आपोआप बरे होतात.

शेकाचं मात्र डोक्यात गेलं. ऊतींचा नाश करणारं त्या विषातलं एन्झाइम उबेत जास्त जोर धरतं, म्हणून डॉक्टर थंड शेक सांगतात. साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून ठेवा, हात उंच धरा. आणि कोळी कुणी पाहिलेलाच नसतो, तरी जखम त्याच्याच नावावर! यातल्या कितीतरी जखमा जिवाणूंच्या संसर्गाच्या निघतात, त्यांना वेळेत औषध लागतं. मावशी, तुला साखर आहे. पायाला जखम झाली तर कोळी शोधत बसू नकोस, डॉक्टरकडे जा.

फॉरवर्डमधल्या कोळ्याच्या पायांवर तर चक्क पट्टे आहेत! रेक्लुजचे पाय एकरंगी असतात, आणि डोळे सहा, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. मी खोकी काढून झाकणाचे डबे आणलेत, भिंतीलगत चिकट सापळे ठेवलेत, बूट झटकून घालते. झालं.

भारतात आलाय म्हणे! त्याचं घर अमेरिकेचा मध्य आणि दक्षिण भाग. तुझ्या मोरीत पोटाखाली अंड्यांची पांढरी चपटी चकती धरून बसते ती वेगळ्याच जातीच्या कोळ्याची मादी. तिला झाडू मारू नकोस, रात्री झुरळं तीच खाते.