बंदी येतेय म्हणे!

अमेरिकेत बंदूक स्वस्तात घेणं फार सोपं आहे, म्हणूनच त्यात काही मजा नाही. दुकानात शुकशुकाट असतो, काउंटरमागचा माणूस गप्पांना मोकळा असतो, एआर-१५ रायफलवर सूट लागलेली असते आणि ३० गोळ्यांचं पीमॅग, म्हणजे रायफलला लावायचं गोळ्यांचं मॅगझिन, स्वस्तात मिळतं. अशा दिवसांत दुकानाकडे फिरकूही नका. खिशात पैसे असले तरी नको, खरोखर गरज असली तरी नको. जातिवंत ग्राहक बंदुकांवरच्या बंदीची भाषा करणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या पत्रकार परिषदेची वाट बघत बसतो.

(एच-वन-बीवर गेलेल्या आपल्या मंडळींनी पुढचं फक्त करमणूक म्हणून वाचावं. नॉन-इमिग्रंट व्हिसावर शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद नसेल तर बंदूक घेताच येत नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत तुम्हाला अधिकृतपणे घाबरण्याची सोय नाही.)

मुहूर्त महत्त्वाचा. कायदा होईपर्यंत थांबायचं नाही, विधेयक मांडलं जाईपर्यंतही नाही. कुणीतरी ‘आता काहीतरी करायलाच हवं’ असं म्हणालं की गाडी काढायची. १४ डिसेंबर २०१२ ला सँडी हुकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. देश सुन्न झालेला असताना तुमच्या डोक्यात पहिला विचार मॅगझिनचा यायला हवा, कच्चा गडी आणि पक्का ग्राहक इथेच वेगळे होतात. बरोबर एका आठवड्यानं, २१ तारखेला, बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयच्या यंत्रणेकडे एका दिवसात १,७७,१७० चौकश्या आल्या. महिन्याची बेरीज २७,८३,७६५. (चौकशी म्हणजे विक्री नव्हे, त्यात परवान्यांच्याही चौकश्या असतात आणि एका चौकशीत दोन बंदुकाही जाऊ शकतात. पण आकडा बघून तुमच्या पोटात गोळा आला पाहिजे, खुलासा वाचून तो जायला नको.) एआर-१५ सारख्या रायफलींवरच्या बंदीचं विधेयक सिनेटमध्ये मांडलं गेलं २४ जानेवारीला आणि १७ एप्रिलला ४० विरुद्ध ६० मतांनी आडवं झालं. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि कोलोरॅडो या राज्यांनी आपापले कायदे कडक केले, हे खरं. पण तुम्ही राहता टेनेसीत. तुमच्यासाठी काहीच बदललं नाही, क्रेडिट कार्डाचं बिल सोडलं तर.

आधीच्या खेपेचा अनुभव गाठीशी असला तरी तो वापरायचा नसतो. नोव्हेंबर २००८ मध्ये ओबामा निवडून आले आणि त्याच महिन्यात १५ लाखांवर चौकश्या झाल्या. मग आठ वर्षं ‘आता नेतात, आता नेतात’ या भीतीवर माल खपला. त्या आठ वर्षांत ओबामांनी सही केलेल्या कायद्यांत बंदुकीविषयी ठळक काय होतं, तर राष्ट्रीय उद्यानांत बंदूक नेण्याची मुभा आणि ॲमट्रॅकच्या रेल्वेत ती सामानात चढवण्याची मुभा. असल्या गोष्टी लक्षात ठेवल्या तर घबराट टिकत नाही.

आता काय घ्यायचं? पूर्ण रायफल मिळणारच नाही, तेव्हा ‘स्ट्रिप्ड लोअर’ घ्या. एआर-१५ मध्ये कायद्याच्या लेखी ‘बंदूक’ म्हणजे हा खालचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, कारण अनुक्रमांक त्याच्यावर असतो. खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा फॉर्म याचाच भरायचा, तपासणी याचीच. बाकी सगळे भाग टपालानं घरी येतात. मंदीत पन्नासेक डॉलरला पडणारा हा तुकडा २०१३ च्या जानेवारीत दीडशे-दोनशेला गेला. तुम्ही तीन घ्या. बॅरल, बोल्ट कॅरियर, चार्जिंग हँडल, बफर ट्यूब आणि ट्रिगरचं किट यांची चिंता आज नको, कारण ते सगळं ‘बॅकऑर्डर’वर आहे आणि सगळ्यात उशिरा येणार आहे बोल्ट कॅरियर. ते आलं की टेकडाउन पिनची ती नखाएवढी डिटेंट स्प्रिंग बसवताना उडून सोफ्याखाली जाईल. तोवर तिन्ही लोअर कपाटात राहतील आणि त्यातून गोळी सुटणार नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

आणि ‘आज लोअर घेऊन ठेवला की उद्या बंदी आली तरी आपण सुटलो’ असं दुकानदार म्हणाला तर लगेच मान डोलवा. १९९४ च्या संघीय बंदीत नुसता सांगाडा आधी घेतलेला असून भागत नव्हतं. १३ सप्टेंबर १९९४ च्या आधी तो बंदी घातलेल्या रूपात जोडलेला असावा लागे. हे विचारायचं मनात आलं तरी मागे रांग आहे, तेव्हा पुढे सरका.

मॅगझिनला तपासणी लागत नाही, त्यामुळे तिथे घबराट सगळ्यात वेगानं पळते. बारा-पंधरा डॉलरचं पीमॅग सँडी हुकनंतर ऑनलाइन लिलावात पन्नास-साठला जात होतं. ते प्लॅस्टिकचं आहे, साच्यातून निघतं आणि कारखाना रात्रंदिवस तेच काढतोय, या माहितीनं विचलित होऊ नका. याच्या उलट गंमत कॅलिफोर्नियात झाली. तिथे दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनची विक्री २००० पासून बंद. २९ मार्च २०१९ ला एका संघीय न्यायाधीशानं ती बंदी घटनाबाह्य ठरवली आणि ५ एप्रिलच्या संध्याकाळी पाचपासून स्वतःच्याच निकालाला स्थगिती दिली. मधल्या आठवड्यात राज्यात दहा लाखांवर मॅगझिन आल्याचा अंदाज सांगितला जातो. म्हणजे बंदी येतेय म्हणून जशी झुंबड उडते, तशीच ती उठलीय म्हणूनही उडते. निमित्ताला कमतरता नाही.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र शास्त्र नीट समजून घ्या, कारण इथे तुमचा हातभार सर्वाधिक लागतो. पॉइंट टू-टू ही सगळ्यात स्वस्त गोळी, पोरांना नेम शिकवायला वापरतात ती. पाचशेच्या खोक्याला ‘ब्रिक’ म्हणतात. वीसेक डॉलरची ही वीट २०१३-१४ मध्ये फेरविक्रीवाल्यांकडे साठ-सत्तरला गेली. लंकेत सोन्याच्या विटा असतात, ओहायोत शिशाच्या. पद्धत अशी: वॉलमार्टमध्ये ट्रक कधी उतरतो याची चौकशी करून ठेवायची, पहाटे रांग लावायची, माणशी तीन खोकी मिळतात ती घ्यायची, लागल्यास घरातली माणसंही उभी करायची. आधी तुम्ही वर्षाला दोन विटा उडवत होता. आता वीस जमवायच्या आणि एकही उडवायची नाही, कारण ‘पुन्हा मिळेल न मिळेल’. मग रिकामा रॅक पाहून शेजाऱ्याला सांगायचं, बघ, मी म्हणत नव्हतो!

कारखाने जास्त का काढत नाहीत? काढत होते, तीन पाळ्यांत. पण या गोळीत पेट घेणारा मसाला ओला भरून, फिरवून कडेच्या वळीत बसवतात. तिची यंत्रं वेगळी, पिस्तुलाच्या नाइन एमएम गोळीची यंत्रं लावून ती होत नाही. नवी यंत्रणा बसवायची तर पैसा मोठा आणि वेळ लांबलचक, आणि ती चालू होईपर्यंत तुमची भीती ओसरलेली असणार हे मालकाला पक्कं ठाऊक असतं. त्यात दुकानदार एकच माल पाच घाऊक व्यापाऱ्यांकडे मागवतो आणि पहिल्याचा आला की उरलेले चार रद्द करतो. कारखान्याला दिसणाऱ्या मागणीत खरी किती आणि भुताटकीची किती, हे त्यालाही कळत नाही.

हे कारण फारच रूक्ष वाटलं तर आवई वापरा. त्या काळी होमलँड सिक्युरिटी खातं मुद्दाम गोळ्या उचलून बाजार कोरडा करतंय अशी कंडी पिकली होती. संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला की खात्याची खरेदी उलट कमी होत गेलीय. अहवाल वाचायचा नाही. वाचला तर तोही कटाचाच भाग मानायचा.

साठवण गॅरेजच्या सिमेंटच्या जमिनीवर, पुठ्ठ्याच्या खोक्यांत करा. ओल धरली की पितळेवर हिरवट थर चढतो. रबरी गॅस्केटचा लष्करी डबा आणि आत सिलिका जेलच्या चार पुड्या एवढ्यावर गोळ्या काही दशकं टिकतात, पण टिकल्या तर पुढच्या घबराटीत पुन्हा घ्यायला कारण काय उरणार?

हिरव्या टोकाच्या एम-८५५ गोळीवर तर अभ्यासक्रम काढायला हवा. १३ फेब्रुवारी २०१५ ला बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या एटीएफ या संघीय खात्यानं या गोळीला चिलखतभेदी गोळ्यांच्या बंदीतून असलेली जुनी सूट काढण्याचा नुसता प्रस्ताव मांडला. ज्यांनी ती आयुष्यात वापरली नव्हती त्यांनीही पेट्याच्या पेट्या उचलल्या. १० मार्चला एटीएफनं प्रस्ताव गुंडाळला. महिनाही झाला नव्हता. महाग घेतलेली पेटी आणि जिथल्या तिथे असलेला कायदा: यापेक्षा शुद्ध नमुना मिळणं कठीण.

‘पण कधीतरी लांडगा खरंच येतो’ असा युक्तिवाद तुम्हाला हाताशी हवाच. तो १९८६ मध्ये आहे. त्या वर्षीच्या १९ मेनंतर बनलेली मशिनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. आधी नोंदलेली मात्र विकता येते. अशा पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत, त्यात वाढ शक्य नाही, आणि एका एम-१६ ला, म्हणजे एआर-१५ च्या लष्करी स्वयंचलित भावंडाला, तीस हजार डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. आपल्याकडेही आयात बंद झाल्यावर जुन्या विलायती पिस्तुलांना परवानाधारकांत लाखांचे भाव आलेच की. गुंतवणूक म्हणून हेच उदाहरण सगळ्यांना सांगा. कॅनडाचं सांगू नका. तिथे ३० मे २०२२ ला हँडगनची खरेदी-विक्री गोठवण्याची घोषणा झाली, नियम लागू झाला २१ ऑक्टोबरला, आणि मधल्या काळात दुकानं झाडून पुसून रिकामी झाली. पण तिथे गोठवली ती विकण्याचीच परवानगी. ज्यानं चढ्या भावात पिस्तूल घेतलं त्याला ते दुसऱ्या सामान्य परवानाधारकाच्या नावावर करता येत नाही. गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर भाव कुठला? बंदीनं किंमत वाढते की शून्यावर येते हे हस्तांतराच्या कलमावर ठरतं, आणि ते कलम खरेदीच्या रांगेत कुणी वाचत नाही.

शेवटचा टप्पा विक्रीचा. त्यासाठी तुमच्या मताचा माणूस निवडून येईपर्यंत थांबा. नोव्हेंबर २०१६ मध्ये सगळ्यांनी हिलरी क्लिंटन येणार म्हणून माल भरून ठेवला होता. ट्रम्प जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी स्मिथ अँड वेसन, रुगर या बंदूक कंपन्यांचे शेअर कोसळले. बंदूकवाल्यांचा लाडका राष्ट्राध्यक्ष बंदूकवाल्यांच्याच धंद्याला भोवला. रेमिंग्टननं मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, कोल्टनं सप्टेंबर २०१९ मध्ये बाजारात माल फार झाला म्हणून नागरिकांसाठीच्या एआरचं उत्पादन थांबवलं. हीच तुमची वेळ. तिन्ही लोअर, चाळीस पीमॅग, वीस विटा, सगळं काढा. मार्च २०२० येईपर्यंत घर मोकळं झालं पाहिजे, कारण तेव्हा महामारीच्या भीतीनं एका महिन्यात ३७ लाखांवर चौकश्या होणार आहेत, वर्षाअखेर नाइन एमएमची वीस सेंटची गोळी साठ-सत्तर सेंटला जाणार आहे आणि तुम्हाला पुन्हा रांगेत उभं राहायचं आहे.

जाहिरातीत ‘न वापरलेलं, खोकं न उघडलेलं’ असं लिहा. खोक्यावरचं २०१३ चं किमतीचं लेबल आधी खरवडून काढा, नाहीतर घेणारा हसून आणखी दहा डॉलर कमी करायला लावेल.