"भेंडी उगवली, लेट्यूस नाही, म्हणजे तुमच्या औषधानेच बी मारलं" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारवाला रिव्ह्यू काल रात्रीच वाचला होता, पण उत्तर मुद्दाम सकाळी लिहितेय, कारण रात्री लिहिलं असतं तर नुसतं चिडून लिहिलं गेलं असतं आणि त्याचा तुम्हालाही उपयोग नाही नि मलाही. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून दादांचं म्हणणं थोडक्यात सांगते. त्यांनी आमचं बीजप्रक्रियेचं बायोस्टिम्युलंट (पेरणीआधी बीला लावायचं, उगवणीला मदत करणारं द्रावण) घेतलं, लेट्यूसचं बी त्यात रात्रभर भिजवलं, "ऊन जास्त होतं म्हणून डोस डबल केला", 98 कप्प्यांच्या ट्रेत लावलं, दहा दिवसांत 11 रोपं आली. शेजारच्या ट्रेत भेंडी होती, तिला काहीच लावलं नव्हतं, ती पाचव्या दिवशी झाडून सगळी वर. त्यावरून निष्कर्ष असा की औषधानेच बी मारलं आणि आम्ही लोकांना फसवतोय. वर आमच्याकडे मेसेज केला तर "कृपया वापराच्या सूचना पाळा" एवढंच उत्तर मिळालं.

आधी आमचं काय चुकलं ते. ते उत्तर आमच्याकडूनच गेलं, रेडिमेड, कॉपी पेस्ट, कोणी तुमचे फोटो उघडूनसुद्धा बघितले नव्हते. त्याबद्दल मनापासून सॉरी. दुसरं म्हणजे बाटलीवर जे मोठ्या अक्षरात आहे ना, "कडक उन्हातही जोमदार उगवण", ते वाक्य माझंच आहे, मीच लिहिलं आणि तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. पण कुठल्या पिकाची उगवण, किती अंशांना, काहीच नाही त्यात. ते वाचून कोणीही लेट्यूस भर उन्हात लावेल, तुम्ही तेच केलं. आमच्या ऑनलाइन पानावरून ते वाक्य काल काढलं, पुढच्या लॉटच्या लेबलवर ते नसेल. तुमचे पैसे परत पाठवलेत, त्यासाठी रिव्ह्यू काढायची वगैरे काही अट नाही, राहू दे तो.

आता भेंडीचं. इथे मात्र मला तुमच्याशी भांडायचंय थोडं.

भेंडी हे मुळात गरमीचं पीक आहे दादा. भेंडी, काकडी, कलिंगड यांच्या बियांना 35 अंशाच्या आसपासची माती म्हणजे चैन, उलट गारठ्यात त्या रुसून बसतात. टोमॅटोला 25 ते 30 बरं वाटतं, 35 च्या पुढे तो अडखळायला लागतो. आणि लेट्यूसला हवं असतं 20 च्या आगेमागे, 28-30 च्या पुढे गेलं की त्याच्या बऱ्याच जाती उगवायचंच थांबतात. सेलरी तर त्याहून नाजूक. म्हणजे तुम्ही औषध लावलेलं आणि न लावलेलं अशी तुलना केलीच नाही, तुम्ही उन्हाळ्यात खूश असणाऱ्या बीची तुलना उन्हाळ्यात दार लावून बसणाऱ्या बीशी केली. खरी तुलना करायची तर एकाच पाकिटातलं लेट्यूसचं बी निम्मं निम्मं करून, अर्धं आमच्यात आणि अर्धं साध्या पाण्यात, बाकी सगळं सेम. माझा अंदाज आहे की तुमच्या गच्चीवर साध्या पाण्यातलं निम्मंही फार काही उगवलं नसतं. अंदाजच आहे, पण करून बघा.

"दार लावून बसणं" म्हणाले ते उगाच नाही. लेट्यूसच्या बीमध्ये गर्भाभोवती एक पातळ पण चिवट थर असतो, मूळ बाहेर यायचं तर तो थर आधी मऊ व्हावा लागतो. ओली झालेली बी जास्त तापली की तिच्यात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे "थांब" सांगणारं संप्रेरक जास्त राहतं आणि "चल" सांगणारं जिबरेलिन कमी पडतं, मग तो थर मऊ होत नाही आणि मूळ आत अडकून राहतं. बी मेलेली नसते. ती ठरवून थांबलेली असते, कारण एवढ्या उन्हात कोवळं रोप जगणार नाही हे तिला आपल्यापेक्षा बरं कळतं. पारा उतरला की ती उगवू शकते. फक्त फार दिवस ओली आणि गरम राहिली तर तिची झोप जास्त गाढ होते, मग नुसतं गार करूनही लगेच उठत नाही.

मग आमचं औषध (ते औषध नाही खरं तर, पण आता आमच्या ऑफिसातही सगळे औषधच म्हणतात) करतं तरी काय, हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. बाटलीत समुद्री शेवाळाचा अर्क आणि फुल्विक आम्ल (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातून मिळणारं) आहे, सोबतच्या पुडीत ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. योग्य प्रमाणात आणि योग्य वेळ लावलं तर बीची आतली तयारी जरा लवकर सुरू होते, गरमीच्या ताणात पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे जे उपद्रवी रेणू तयार होतात त्यांना तोंड द्यायला मदत होते, उगवण जरा एकसारखी येते. थोडक्यात सहनशक्तीची हद्द थोडी पुढे सरकते. थोडी! 20 वाल्या बीला 40 वाली करणारं काही आमच्याकडे नाही आणि कोणी तसं सांगत असेल तर त्याच्याकडेही नाही. हेच मी लेबलवर लिहायला हवं होतं.

आता तुमचे फोटो. तिसऱ्या फोटोत वाटीत बी भिजतंय, त्यातलं पाणी बघा, गुलाबी दिसतंय. आमचा अर्क तपकिरी असतो, काळपट चहासारखा. तो गुलाबी रंग बीवरून सुटलाय, म्हणजे बी कंपनीकडूनच बुरशीनाशक लावून आलं होतं, अशा बीला ओळखू यावं म्हणूनच रंग देतात. आता बुरशीनाशकाचं कामच बुरशी मारणं आणि आमच्या पुडीतला ट्रायकोडर्मा ही पण एक बुरशीच, चांगली असली तरी. दोघांना एका वाटीत रात्रभर ठेवलं तर काय होणार. पुडी वाया गेली आणि कंपनीने लावलेला थरही धुऊन गेला, दोन्हीकडून नुकसान. "रंगीत बी भिजवू नये" हे आमच्या लेबलवर आहे, पण ते कुठे आहे हे शोधायला मला स्वतःला मोबाईलने फोटो काढून झूम करावा लागला, त्यामुळे यात तुम्हाला दोष देण्यात काही राम नाही. आणि हो, ते गुलाबी पाणी मुलांपासून, जनावरांपासून लांब ठेवा, असं बी हाताळताना हातमोजे घालत जा.

डबल डोसचं मात्र सगळ्यांनाच सांगते कारण असे मेसेज आठवड्याला येतात. हे खत नाही की जरा जास्त पडलं तर पीक काळंभोर होईल. शेवाळाच्या अर्कात क्षार असतात, द्रावण घट्ट झालं की बीला पाणी आत ओढायलाच जड जातं, म्हणजे ज्या अर्काने उगवण सुधारते तोच जास्त झाला की उगवण अडवतो. शिवाय रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं की बीला हवा मिळत नाही, तीही श्वास घेते हो. इतक्या बारीक बीला लेबलवर दिलेले तास पुरे, मग निथळून सावलीत सुकवायचं.

तर यात आमच्या अर्काचा वाटा अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. डबल डोसमध्ये रात्रभर बुडलेल्या बीला त्रास झालाच असणार. पण मोठा मार गरमीचा आहे असं मला वाटतं, कारण पाचवा फोटो. काळी ट्रे, गच्चीच्या फरशीवर, वर काही आडोसा नाही. तुम्ही लिहिलंय "तापमान 36 च होतं". ते मोबाईलवरचं ना? ते सावलीतल्या हवेचं असतं. काळ्या ट्रेतल्या ओल्या कोकोपीटचं (नारळाच्या काथ्याच्या भुशाचं) दुपारी दोन वाजता किती असतं ते बघायचं तर थर्मामीटरचं टोक कप्प्यात बी असते तेवढंच खोल खुपसून बघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं थर्मामीटरच बिघडला, दुसरा आणून परत बघितलं.

आणि पेरणी सकाळी केलीत. बी ओली झाल्यापासून मूळ बाहेर येईपर्यंतचे तासच सगळ्यात नाजूक असतात, उगवायचं की थांबायचं ते तेव्हाच ठरतं, आणि तुमच्या भिजवलेल्या बीचे त्यातले बरेच तास भर दुपारी आले. लेट्यूस उन्हाळ्यात लावायचंच असेल तर संध्याकाळी पेरा, गार पाणी द्या, ट्रे जमिनीवरून उचलून हवेशीर सावलीत ठेवा म्हणजे पहिली अख्खी रात्र त्याला मिळते, जमलं तर पहिले दोन दिवस घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, पण अंधारात नाही, लेट्यूसच्या बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो. म्हणून वर कोकोपीटही नावालाच भुरभुरायचं. एवढं केलं आणि आमची बाटली नाही वापरली तरी फरक दिसेल. हे वाचून आमचा सेल्सवाला मला फोन करणारच आहे, करू दे.

अजून एक, धंद्याच्या विरुद्ध जाऊन. दरवर्षी भर उन्हाळ्यातच लेट्यूस लावणार असाल तर कंपनीने प्रायमिंग करून, वर मातीसारखा थर देऊन गोळी केलेलं बी घ्या. प्रायमिंग म्हणजे बीला मोजून मापून पाणी देऊन उगवणीची तयारी सुरू करायची आणि मूळ बाहेर यायच्या आत परत सुकवायचं. गरमीतल्या लेट्यूसवर त्याचा परिणाम आमच्या अर्कापेक्षा जास्त भरवशाचा आहे. ते बी फार दिवस टिकत नाही, त्याच सीझनला संपवायचं, आणि त्याला आमच्यासकट कशातच भिजवायचं नाही, गोळीचा चिखल होतो.

तुमची ट्रे अजून टाकली नसेल तर एक काम करा. न उगवलेल्या कप्प्यांतल्या दहाएक बिया चिमट्याने शोधून काढा, हलकेच दाबा. पिचकन फुटून आतून पांढरट गिळगिळीत आलं तर ती कुजली, सोडून द्या. टणक लागल्या त्या साध्या पाण्याने धुवा, ओल्या टिश्यू पेपरवर ठेवा, 18-20 अंश मिळेल अशा ठिकाणी, उजेडात, चार-पाच दिवस. फ्रीजमध्ये नको, तिथे फारच गार पडतं. त्यातल्या काहींनी मूळ काढलं तर गरमीने थांबल्या होत्या हे नक्की. टणक असूनही हलल्या नाहीत तर झोप गाढ लागलीय, आणि बहुतेक सगळ्याच गिळगिळीत निघाल्या तर माझा अंदाज चुकला, तसं इथेच खाली लिहा, मी उत्तर देईन, या वेळी कॉपी पेस्ट नाही.

उरलेली बाटली गच्चीवरच असेल तर तेवढी आत घ्या.