खुनी कागदावरूनही सापडतो

‘रहस्यकथा-विज्ञानकथा एसटीत वाचाव्यात, ग्रंथेतिहास प्राध्यापकांवर सोपवावा’ हे नुकत्याच वाचलेल्या एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही बुवा. ग्रंथेतिहास म्हणजे पुस्तकं कशी छापली, विकली नि वाचली गेली याचा शोध; त्यातही रहस्य असतंच. १९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोघा तरुण ग्रंथविक्रेत्यांनी इंग्रज कवयित्री एलिझाबेथ ब्राउनिंगच्या सुनीतांच्या, ‘१८४७’ छापलेल्या दुर्मीळ पुस्तिकेची तपासणी प्रसिद्ध केली. कागदात रासायनिक प्रक्रियेने केलेला लाकडाचा लगदा निघाला. १८४७ मध्ये तो वापरातच नव्हता, म्हणजे पुस्तिका बनावट! संशयाची सुई थेट टॉमस वाइजकडे गेली, म्हणजे ज्याचा शब्द या व्यवहारात प्रमाण मानत त्याच संग्राहकाकडे. आता ही रहस्यकथा नाही तर काय? आणि विज्ञानकथेचं म्हणाल तर १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती. आद्याक्षरं उलटी करून पाहा.

आमच्या सोलापुरात नवी पेठेजवळच्या भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात पॉकेटबुकांचे कणे जाड सुताने शिवलेले असत. एकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने ‘खुनी दिवाणजी’ लिहिलेलं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘काय बे, मजा घालवलास!’ कोण वाचत होतं, किती हातांतून गेलं, हे असल्या प्रतींवरूनच कळतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. पण पानं सुटली की अशी पुस्तकं रद्दीत. जाडजूड ग्रंथ तेवढे कुलपात. लेखकाने त्याबद्दल चार ओळी लिहायला हव्या होत्या.